सारंगीचा बेसूर

ही गोष्ट मी सांगणार नव्हतो. चौथीत शाळा सुटलेल्या माणसाला व्याख्यानमालेत उभं करायचं, गळ्यात हार घालायचा आणि वर म्हणायचं, ‘काका, काहीतरी बोधपर सांगा.’ बोध हवा तर घरी बसून घ्यावा. पण हार घातलाच आहे, तर ऐका. मध्येच खोकू नका.

एकदा एक वृद्ध सारंगिया होता. गाणारा पुढे आणि सारंगी त्याच्या पाठोपाठ, हा त्याचा आयुष्यभराचा धर्म. उमेदीच्या काळात त्याने एका थोर गायिकेची साथ केली. एका मैफलीत बाई तार सप्तकात चढल्या आणि त्याच क्षणी याची सारंगी भर सभेत करकरली. बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. लोक म्हणाले, प्यायलाय. त्याने दारूच्या थेंबाला कधी तोंड लावलं नव्हतं. तरी तो गप्प राहिला. बाईंनी पुन्हा बोलावलं नाही, आणि बाईंनी टाकलेल्या माणसाला दुसरं कोण विचारणार?

काळ गेला. बाई वारल्या. लोक ते सगळं विसरूनही गेले होते. तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी बाईंच्या आयुष्यावर मालिका काढली. गोष्टीला खलनायक लागतो, तो त्यांना आयता सापडला. रोज जेवणाच्या वेळी पडद्यावरचा सारंगिया बाटली तोंडाला लावायचा आणि घराघरांत लोक भाकरी मोडता मोडता त्याला शिव्या घालायचे. किराणावाला हसून विचारायचा, ‘बुवा, सोडा देऊ का बरोबर?’ शिकायला येणारी मुलं एकेक करून बंद झाली. राहिली एकच शिष्या. तिशीतली, शाळेत गाणं शिकवणारी. तिच्याही सासूने बजावलं होतं, त्या दारुड्याकडे जायचं तर परत येऊ नकोस.

आणि एके दिवशी मालिकेचा संगीतकार म्हाताऱ्याच्याच दारात उभा राहिला. त्या मैफलीची जुनी टेप मिळाली होती. बाईंचा आवाज स्पष्ट उतरला होता, सारंगी मात्र पुसट. तेवढी नव्याने वाजवून हवी होती.

‘त्या जागी करकर झाली पाहिजे, बुवा,’ तो म्हणाला. ‘आमची तरुण मुलं बेसूर वाजवतात ते खोटं वाटतं.’

‘येतो,’ म्हातारा म्हणाला.

शिष्येचा संताप झाला. ‘गुरुजी, ते तुम्हाला जोड्याने मारणार, आणि जोडा तुम्ही पुरवणार?’

‘तू चल तर खरी. सारंगी उचलायला कुणी नको का?’

स्टुडिओत म्हाताऱ्याने मांडीवर सारंगी घेतली, कानाला हेडफोन लावला. दुसरा तिने लावला. टेप सुरू झाली. बाई चढत गेल्या, चढत गेल्या, आणि पंचमावर पोहोचता पोहोचता त्यांचा आवाज चिरकला. तडा गेलेल्या भांड्यासारखा. शिष्येने दचकून गुरूकडे पाहिलं. संगीतकार भिंतीपलीकडे फोनवर बोलत होता. त्याने ही टेप अनेकदा ऐकली होती, पण सारंगीची चूक शोधणाऱ्याला बाईंची कशी ऐकू येणार?

टेप पुन्हा लावली. म्हाताऱ्याने सारंगीचा गज उचलला. बाईंचा सूर तुटण्याच्या क्षणभर आधी, हो, आधी, त्याने नख तारेवरून घसरवलं आणि अशी करकर काढली, की तिच्याखाली तो चिरका आवाज गडप झाला. बाई खाली येऊन सावरल्या, तेव्हा सारंगी पुन्हा त्यांच्या पाठोपाठ सुरात होती.

‘झकास,’ संगीतकार म्हणाला. ‘अगदी प्यायल्यासारखं.’

बाहेर आल्यावर ती पायरीवर बसली. ‘प्यायलेला माणूस मागे राहतो, गुरुजी. तुम्ही पुढे गेलात.’

म्हातारा शेजारी टेकला. ‘साथीदार मागून चालतो, म्हणून गाणाऱ्याचा श्वास त्याला आधी कळतो. बाईंचा श्वास संपला होता. पुढे खड्डा होता आणि त्या पाय टाकणार होत्या. मग मी पुढे झालो आणि आपणच पडलो. लोक पडलेल्याकडे बघतात, पोरी. तेवढ्या गडबडीत बाई पार झाल्या. आज मी नाही म्हटलं असतं, तर दुसऱ्या कुणीतरी करकर चुकीच्या जागी काढली असती, आणि मेलेल्या बाईंचा फाटलेला गळा घरोघर वाजला असता.’

‘मी हे पेपरात देणार.’

‘दे. म्हणजे मी दोनदा वाजवलेलं दोनदा फुकट गेलं.’

म्हाताऱ्याचं नाव तर आता कायमचंच गेलं होतं. आणि का गेलं ते ठाऊक असणारं, त्याच्याखेरीज, जगात एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः. शिकणं सोडणार नाही, एवढंच सासूला सांगायचं, हे तिने मनात ठरवलं. मग डोळे पुसून ती म्हणाली, ‘निदान या टीव्हीवाल्यांनी तरी तुमची माफी मागायला हवी.’

‘त्यांनी कशाला? लोकांनी जे सांगितलं ते त्यांनी दाखवलं.’

‘मग त्या लोकांनी?’

‘त्यांना तर मीच फसवलं.’

‘म्हणजे तुमचा कुणावर राग नाही?’

‘संत समजलीस काय मला? त्या दिवशी मंचावरून उतरताना बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणाचा सूर गेला होता, ते आम्हा दोघांनाच माहीत. चारचौघांत बोलायची गरज नव्हती. एकटीने येऊन उंबऱ्यात उभं राहिलं असतं तरी पुरे होतं. मी वर्षानुवर्षं दार लोटून घेतलं नाही. अजूनही पाऊल वाजलं की वाटतं, आली.’

इतकी वर्षं तो नुसतं ‘बाई’ म्हणत आला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने नाव घेतलं.

‘अंबिका बेडगकर.’