एक पिशवी, दोन नावं

“मोडून दाखवलंस का?” इंदूअक्कांनी विचारलं.

“मोडायचं कशाला, अक्का? दुरुस्त करून आणलंय.”

“ते ऐकलं मी. मोडून दाखवलंस का?”

भरतेश पुण्याहून उजाडायच्या आत निघालेला, अंगावरची धूळ अजून झटकायची होती, आणि अक्कांचं आपलं एकच पालुपद.

कृष्णेच्या काठी, घाटाच्या वरच्या अंगाला अक्कांचं घर. सोप्यात झोपाळा. झोपाळ्यावर अक्का, मांडीवर लॅपटॉप, बाजूला पाण्याचा तांब्या. खाली चटईवर नसीम बसलेली. ही मिरजेची. रांजण कसा वापरावा, हे लोकांना कळेल अशा भाषेत लिहून काढायचं काम तिचं.

हा रांजण पाण्याचा नव्हे बरं. दवाखाने, पतपेढ्या, शाळा यांच्या सगळ्या नोंदी ज्याच्या पोटात राहतात, तो डेटाबेस. त्याचं नाव रांजण. मालक कोणी नाही. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, झाकण उघडून आत डोकवावं, चीर दिसली तर बुजवून पाठवावी. मात्र ते बुजवलेलं आत घ्यायचं की नाही, हे ठरवणारी माणसं मोजकी. चावी त्यांच्याकडे. त्यांत अक्का सगळ्यांत जुन्या.

आणि अक्कांची एक रीत होती. कोणी पॅच, म्हणजे चीर बुजवणारं ठिगळ, पाठवला की त्या तो उघडतच नसत. आधी विचारत, मोडणारी टेस्ट कुठाय? जी चूक तू काढलीस म्हणतोस, ती पहिल्यांदा माझ्या डोळ्यांसमोर घडव. घडली तर पुढचं बोलू. भल्याभल्यांचे पॅच त्यांच्या दारात असे न उघडता पडून होते.

भरतेशला ही रीत ठाऊक होती. पण आज त्याला घाई होती, आणि रागही होता. रांजणातला कुलपाचा भाग त्याने स्वतः लिहिलेला. दोघं एकदमच एका वस्तूला हात घालायला आले, तर ती एकालाच मिळावी, एवढंच त्या कुलपाचं काम. चीर नेमकी तिथेच पडली होती.

तालुक्याच्या एका रक्तपेढीत रांजण बसवलेला. खिडक्या दोन, फ्रिज एक. एके दिवशी दोन्ही खिडक्यांवरून एकाच पिशवीची मागणी एकाच दमात झाली, आणि रांजणाने दोघांनाही सांगून टाकलं, घे, तुझीच. फ्रिजच्या दारात दोन माणसं एकच नंबर घेऊन उभी. एकाची बाळंतीण, दुसऱ्याचा अपघात झालेला भाऊ. त्याच गटाची दुसरी पिशवी निघाली म्हणून त्या दिवशी निभावलं. तिथल्या लोंढे सिस्टरांनी रांजण तिथल्या तिथे बंद केला आणि हाताने लिहायला घेतलं.

पण उद्या रक्तदानाचं शिबिर होतं. पिशव्यांचा ढीग पडणार. हाताने लिहिताना एखादी चूक झाली तर ती कुणाच्या अंगात जाईल, सांगता येत नाही. “तुम्ही छातीवर हात ठेवून झालं म्हणा,” सिस्टरांनी भरतेशला फोनवर सांगितलं होतं. “तुमच्या शब्दावर सुरू करते.”

“सिस्टर वाट बघतायत, अक्का,” भरतेश म्हणाला. “पॅच आत घ्या. आणि…”

“आणि?”

“आणि मलाही चावी द्या आता. कुलूप मी लिहिलंय. दर वेळी तुमच्या दारात येऊन उभं राहायचं?”

अक्कांनी स्टीलचा डबा पुढे सरकवला. “कवठाची बर्फी आहे. घे.”

“मी बर्फी खायला आलो नाही.”

“चला, बरं झालं,” नसीम म्हणाली. “माझी वाढली.”

भरतेशने तिच्याकडे डोळे वटारले आणि आपला लॅपटॉप उघडला. “ही बघा टेस्ट. दोन खिडक्या, एक पिशवी. आता चालवतो. चाललीच आहे. बघा… पास. पुन्हा… पास. दिवसभर चालवा, पासच होणार.”

“टेस्ट आधी लिहिलीस की पॅच?”

“पॅच. चूक कुठे असणार ते मला वाचूनच कळलं. कुलूप सैल होतं, घट्ट केलं. मग टेस्ट लिहिली.”

“हं.”

अक्कांनी त्याचा लॅपटॉप आपल्या मांडीवर घेतला. चष्मा कपाळावरून खाली आणला. पॅचच्या मधोमध बोट ठेवलं आणि ज्या ओळींनी कुलूप घट्ट झालं होतं, त्या सगळ्या पुसून टाकल्या.

“अहो अक्का!”

“थांब. चालव.”

भरतेशने चालवली.

पास.

पुन्हा चालवली… पास.

झोपाळ्याची कडी तेवढी कुरकुरत होती.

“म्हणजे…” भरतेशने पडद्याजवळ मान नेली. “माझा पॅच नसतानाही पास?”

“मला काय विचारतोस? तुझीच टेस्ट.”

“मग मी दुरुस्त काय केलं?”

अक्कांनी तांब्या त्याच्यापुढे धरला. तो घटाघटा पाणी प्यायला. खिशात फोन थरथरला. लोंढे सिस्टर. त्याने तो तसाच वाजू दिला. उचलून सांगणार काय? येताना गाडीत तो मनातल्या मनात घोकत आला होता, ‘सुरू करा’ म्हणून सांगायचं. अक्कांनी पॅच लगेच आत घेतला असता, तर सांगूनही मोकळा झाला असता.

“अक्का, चुकलो. पण चूक घडतच नाही हो माझ्याकडे. तिकडे घडते, इथे घडत नाही. घडवू कशी?”

अक्का झोपाळ्यावरून उतरल्या. वाटीत एक बर्फी ठेवली, वर ताटली झाकली आणि ती वाटी दोघांच्या मध्ये ठेवली.

“नसीम, तू एक खिडकी. हा दुसरी. मी ‘हं’ म्हटलं की ताटली उचलून बघायचं. बर्फी असली तर उचलायची. हं!”

दोघांनी एकदमच ताटली उचलली, एकदमच बघितलं, एकदमच हात घातला. बर्फीचे दोन तुकडे झाले आणि नसीमचं नख भरतेशच्या बोटाला लागलं.

“नखं काप गं!”

“तू आधी हात मागे घे!”

“हे मला माहीत आहे, अक्का,” भरतेश बोट चोखत म्हणाला. “दोघं एकदम आले की असं होतं. पण टेस्टमध्येही दोघं एकदमच येतात. तरी होत नाही.”

“असं?”

अक्कांनी वाटीत दुसरी बर्फी ठेवली. डब्यात आता एकच उरली. भरतेशला सकाळपासून उपाशी असल्याची आठवण झाली, आणि ती उरलेली त्याने मनात आपल्या नावावर करून ठेवली.

अक्कांनी खुंटीवरची पाटी काढली. भाजीवालीला निरोप लिहून ठेवायची पाटी. बरोबर एक पेन्सिल.

“आता ताटलीला हात लावायच्या आधी पाटीवर आपलं नाव लिहायचं. नाव लिहिल्याशिवाय आत बघायचं नाही. हं!”

दोघंही पाटीवर झेपावली. पेन्सिल नसीमच्या हाती लागली. तिने भरभर नाव खरडलं, पेन्सिल फेकली आणि वाटीकडे वळली. भरतेशने पेन्सिल उचलून ‘भ’ काढला, ‘र’ काढला… नाव पुरं करून ताटली उचलतो तो वाटी रिकामी. नसीमचा गाल फुगलेला.

या खेपेला हाताला हात लागला नाही. भांडण नाही, तुकडे नाहीत. एकाला मिळाली, दुसऱ्याला दिसलं की संपली.

भरतेश वाटीकडे बघत राहिला. मग पाटीकडे. मग पेन्सिलीकडे.

“अक्का…”

अक्का झोपाळ्यावर जाऊन बसल्या होत्या.

“अक्का, पाटी! मी पाटी ठेवलीय आत!”

टेस्टमध्ये कोण कधी आत येतं ते दिसावं, म्हणून त्याने दारातच एक ओळ घातली होती. जो आत येईल त्याचं नाव लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, लिहून ठेवणारी. बघायला म्हणून घातली आणि काढायची राहिली. लॉग लिहायची पेन्सिल एकच. दोन्ही खिडक्या तिच्यासाठी थांबत होत्या, एकीचं लिहून होईतो दुसरी मागे पडत होती. दोघं एकदम येतच नव्हती. मग चूक घडेल कशी? रक्तपेढीत ही पाटी नव्हती. तिथे दोघं खरंच एकदम येत.

त्याने ती एक ओळ पुसली. स्वतःचा घट्ट कुलपाचा पॅच मात्र पुन्हा जागेवर ठेवला. टेस्ट चालवली.

पास… पास… पास…

आणि मग पडदा लाल झाला.

पिशवी एक. नावं दोन.

“मोडलं!” भरतेश ताडकन उठला. “अक्का, मोडलं! माझा पॅच असूनही मोडलं! नसीम, बघ, मोडलं!”

लेकरू पहिल्यांदा उभं राहिलं की आई जशी घरभर सांगत सुटते, तसा तो सोप्यात फिरत होता. नेमका तेव्हा फोन पुन्हा वाजला, आणि त्याने त्याच भरात उचलला.

“सिस्टर! मोडलं एकदाचं!”

“अहो, मोडलं तर हसताय कशाला?” लोंढे सिस्टर म्हणाल्या. “इथे उद्या पिशव्यांचा ढीग पडायचाय.”

“आता सुरू करू नका. तासाभरात सांगतो. नक्की काय ते सांगतो.”

“सकाळी तर म्हणत होतात की झालंय, फक्त दाखवायला चाललोय.”

“सकाळी झालं नव्हतं, सिस्टर,” भरतेश म्हणाला. ते बोलताना त्याचे कान तापले, पण आवाज हलका झाला होता.

मग तो चटईवर मांडी घालून बसला. चूक समोर घडत होती, हात लावू देत होती. आता ती पळून कुठे जाणार? बर्फीसाठी घातलेला हात त्याला आठवला. त्याचं कुलूप हात घालताना लागत होतं, पण बघणं कुलपाच्या बाहेरच होतं. दोघंही आधी बघून ठेवत, आहे म्हणून. मग एकजण कुलूप घेऊन उचलायचा. दुसरा कुलपाची वाट बघायचा, आणि कुलूप मिळालं की आधी बघितलेल्या भरवशावर तोही उचलायचा. कुलूप कितीही घट्ट केलं तरी काय उपयोग?

त्याने घट्ट कुलपाच्या त्या सगळ्या हुशार ओळी काढून टाकल्या. त्यांच्या जागी अगदी थोडक्या लिहिल्या. कुलूप हातात आलं की पुन्हा आत बघायचं. असेल तर घ्यायचं, नसेल तर नाही म्हणायचं.

टेस्ट पास.

कोणी न सांगता त्याने आपल्या ओळी पुसल्या. लाल. परत ठेवल्या. पास. पुसल्या. लाल. ठेवल्या. पास.

“अक्का, ही मोडणारी टेस्ट. तुमच्याकडे पाठवलीय. पॅच नंतर बघा.”

अक्कांनी बघितली. आपल्याकडे चालवून मोडून घेतली. मग पॅच उघडला, वरपासून खालपर्यंत वाचला. वाचून झाल्यावर लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

पडद्यावर एकच प्रश्न होता. रांजणात घ्यायचं का? आणि त्याखाली, घेणाऱ्याच्या जागी, अक्कांच्या नावाशेजारी त्याचं नाव.

भरतेशने बोट पुढे नेलं… आणि थांबला.

“काय झालं?” नसीमने विचारलं.

“काही नाही. अजून एकदा वाचतो.”

त्याने सगळं पुन्हा वाचलं. मग बटण दाबलं.

रक्तपेढीत नवीन रांजण बसायला थोडा वेळ गेला. मग त्याने सिस्टरांना फोन लावला. या खेपेला शांतपणे.

“सिस्टर, सुरू करा.”

“छातीवर हात ठेवून?”

“ठेवलाय.”

सिस्टरांनी श्वास सोडला तो इकडे सोप्यात ऐकू आला. मागे दोन्ही खिडक्यांवर कोणीतरी दाबादाबी करून बघत होतं. सिस्टरांनी वाचून दाखवलं, एका खिडकीवर ‘तुमची’ आलं, दुसरीवर ‘शिल्लक नाही’. परत केलं, परत तसंच.

“बरं का हो,” सिस्टर म्हणाल्या, “ती बाळंतीण आज घरी गेली. रुसून बसली होती. मुलगी हवी होती म्हणे, मुलगा झाला.”

भरतेश इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. जीव भांड्यात पडला की भूक लागते. त्याला कडकडून लागली. फोन ठेवून त्याने डबा ओढला, झाकण काढलं आणि आत हात घातला.

हात डब्याच्या तळाला लागला.

“अरे! एक उरली होती ना?” तो म्हणाला. “मी बघितली होती.”

नसीमने पदराने तोंड पुसलं आणि मान खाली घातली.

अक्कांनी पायाने झोपाळ्याला हलकासा रेटा दिला.

“कधी बघितली होतीस?”