भाताचं आळं

"आणि माणसं?"

निर्वाणस्वामींनी विचारलं तसा चिदंबर मनातून सुखावला. हाच प्रश्न यावा म्हणून तर त्याने ते भलंमोठं चित्र जमिनीवर उलगडलं होतं.

मठाची जुनी भोजनशाळा पाडून नवी उभारायची होती. ज्याच्या चित्रात मला भोजनशाळा दिसेल त्यानेच ती बांधायची, असं स्वामींनी शिष्यांना सांगितलं होतं. बाकीच्यांनी नकाशे काढले. चिदंबर शहरात वास्तुकला शिकून आलेला. तो कसला पट्टी-पेन्सिलीला हात लावतो! त्याने एका मोठ्या पेटीला सुईएवढं भोक पाडलं, आत फोटोचा कागद लावला आणि पेटी दिवसभर भोजनशाळेच्या कोपऱ्यात ठेवून दिली.

"हे मी काढलंच नाही, स्वामी. उजेडाने काढलंय. जे हललं नाही तेवढंच उमटलं. खांब, भिंती, झरोका. माणसं आली नि गेली… एकाचाही डाग नाही! अशी निव्वळ वास्तू आजवर कुणी पाहिली नसेल. नवी भोजनशाळाही अशीच बांधू."

त्याची छाती फुगली होती. आणि खरं सांगायचं तर चित्र होतंच तसं देखणं.

स्वामी खाली वाकले. "मग हा खांबाशी ठिपका कसला?"

चिदंबर ओशाळला. "तो… मी. पेटीला कुणाचा धक्का लागू नये म्हणून समोरच बसलो होतो."

"दिवसभर?"

"जागचा हललो नाही."

"आणि पंगतीला?"

"…नाही बसलो."

स्वामी आत गेले. पत्रावळ, भात आणि आमटी घेऊन आले. पत्रावळ त्यांनी चित्राच्या मधोमध मांडली.

"बस."

"स्वामी, चित्र…"

"बस रे."

चिदंबर मुकाट्याने बसला. भात पडला. पंगतीत जेवणाऱ्याचा हात आपसूक भाताला आळं करतो, आमटी वाहून जाऊ नये म्हणून. चिदंबरचे दोन्ही हात कागदाच्या कडा सावरण्यात गुंतले होते.

स्वामींनी आमटी वाढली. ती भातावरून घसरली, पत्रावळीबाहेर निसटली आणि खांब, झरोका ओलांडत पिवळीधमक पसरली.

"गेलं! सगळं गेलं!" खांद्यावरचा पंचा ओढून तो पुसायला धावला.

स्वामींनी त्याचा हात धरला.

"पुसू नकोस. आत्ता कुठे मला भोजनशाळा दिसतेय."