सात दगडी बोटं आणि दोन फासे

एका राज्यात कुणीतरी मुलांच्या मनात आकड्यांची भीती घातली. कुणी, ते नाव ही कथा घेत नाही. पण ज्यानं पहिल्यांदा एखाद्या लेकरापुढे काठी आपटून "बोल!" म्हटलं, दोष त्याचाच; आणि तो दोष कुठल्याही नदीत धुतला जायचा नाही.

त्या राज्याचा राजा शंखपाल, राणी शाल्मली. त्यांची एकुलती एक लेक मधुलिका, वय वर्षं नऊ. कालदंड नावाचा जादूगार तिथला गणिताचा आचार्य होता. तो काळा दंड जमिनीवर आपटायचा, सवाल घालायचा आणि ओरडायचा, "बोल!" भ्यालेल्या मुलाचं एक बोट तिथल्या तिथे दगडाचं व्हायचं. मग दर वसंतपंचमीला भर दरबारात प्रत्येकाला एकच सवाल. ज्याचं एक जरी बोट दगडी असेल आणि ज्याचा धीर सुटेल, तो सगळाच दगड. राजाच्या बागेत अशी अकरा मुलं उभी होती. माळी रोज त्यांच्या अंगावरची धूळ पुसायचा. राजानं सैन्य पाठवून पाहिलं होतं; त्या दंडासमोर तलवारी मेणासारख्या वाकल्या.

मधुलिकेची सात बोटं दगडाची होती. सहा कालदंडानं केली होती. सातवं, डाव्या हाताची करंगळी, राणीनं.

हो, राणीनंच. एका सकाळी ती लेकीला शिकवायला बसली. "आठ आणि पाच किती?" लेक घुटमळली. राणीला उशीर होत होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "बोल की लवकर!" करंगळी गार पडली. तेव्हापासून राणीच्या घशाखाली घास उतरेना.

वसंतपंचमीला वीस दिवस उरले, तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "राणीसाहेब, उपाय आहे. गारगोटीच्या डोंगरात दडवलेले फासे आणा."

राणीनं कानांवर हात ठेवले. "त्या पापाचं नाव काढू नकोस! आजेसासऱ्यांनी त्याच फाशांवर तीन परगणे गमावले. त्या दिवसापासून या राज्यात कुणी फासा घडवत नाही."

"पाप पैजेचं," साळुंकी म्हणाली. "फासे नुसते ठिपके दाखवतात."

राणी एकटीच निघाली. डोंगराच्या गुहेत पांढरा नाग फाशांवर वेटोळं घालून बसला होता.

"पैज लावून फेकशील तर सर्वस्व जाईल," नाग म्हणाला. "हा शाप आहे."

"पैज नाही. मला माझी लेक हवी."

नागानं फणा खाली घेतला. "मग तीन कामं कर. पहिलं, लेकीकडून हर आणि मनापासून हस. दुसरं, ती मोजत असेल तेव्हा गप्प राहा. तिसरं मी सांगणार नाही. ते तीच सांगेल."

नागानं वेटोळं सोडलं. राणीनं फासे उचलले आणि नागाला वाकून नमस्कार केला. शंभर वर्षांत त्याला कुणी नमस्कार केला नव्हता.

महालाच्या सज्जात राणीनं खडूनं पन्नास घरं आखली. सोंगट्या म्हणून एक चिंचोका, एक शिंपला. दोन फासे टाकायचे, ठिपक्यांची बेरीज करायची, तेवढी घरं चालायचं. एकाचं दान झालं की पाळी दुसऱ्याची. मधुलिका आधी फाशांना हात लावेना.

"चुकलं तर?" तिनं विचारलं.

"चुकलं तर पुन्हा मोजायचं," राणी म्हणाली.

पहिल्या दिवशी राणी हरली. हरायची तिला सवय नव्हती. नाक लाल झालं. पण लेक टाळ्या पिटायला गेली आणि दगडी बोटं एकमेकांवर खट्‌कन वाजली. लेकच दचकली, मग खुदकन हसली, आणि राणीलाही हसू आवरेना. त्या हसण्यात दोन बोटं मऊ झाली. पहिलं काम झालं.

दुसरं अवघड होतं. लेक एकेका ठिपक्यावर बोट ठेवून मोजायची. सहा आणि पाच मोजायला इतका वेळ घ्यायची की तेवढ्यात दूध उतू गेलं असतं. राणी पदराचं टोक दातांत धरून बसायची.

"राणीसाहेब, ओठ हलताहेत!" साळुंकी ओरडायची.

"गप गं, चोंबडे!"

दिवस गेले. पाच पाहिलं की लेक पाच म्हणू लागली, मग ठिपके मोजणं सुटलं. सहा पाच अकरा, दोन्ही चार आठ, चालता चालता. आणखी तीन बोटं सुटली.

सोळाव्या दिवशी मधुलिकेनं दान टाकलं आणि फासे ओंजळीखाली झाकले. "आई, वर चार आणि एक होते. आता न बघता सांग, खालच्या अंगाला किती?"

राणीला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं फासे निषिद्ध. उलटून पाहिलंय कुणी? "पाच?" तिनं अंदाज केला.

"चूक! वरचं आणि खालचं मिळून नेहमी सात होतात. चाराखाली तीन, एकाखाली सहा. नऊ!"

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच पाहिलं. आता तू 'मला शिकव' म्हण."

राणी म्हणाली, "मला शिकव." तिसरं काम तेच होतं. सहावं बोट सुटलं. करंगळी मात्र गारच राहिली.

वसंतपंचमी उजाडली. दरबार भरला. कालदंडानं दंड आपटला. "नऊ वेळा सहा किती? बोल!"

मधुलिका उभी होती. करंगळीतला गारवा मनगटावर चढला. मग कोपरावर. राणी सिंहासनावरून उठली. तोच जुना शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आला. तिनं तो गिळला. म्हणाली, "घाई नाही, बाळ. पाळी तुझी आहे."

लेकीनं डोळे मिटले. सहाचा फासा दहादा पडला तर साठ. एकदा कमी पडला...

"चोपन्न," ती म्हणाली.

करंगळी हलली. राणीनं तोंडावर पदर घेतला.

मधुलिकेनं ओच्यातून फासे काढले आणि जमिनीवर दान टाकलं. "आता पाळी तुमची, आचार्य. वर पाच आणि तीन. खाली किती?"

कालदंडाच्या हातून दंड गळून पडला. लांब बाह्या मागे सरकल्या आणि दरबारानं पाहिलं: त्याची दहाही बोटं दगडाची होती. फार पूर्वी त्याच्यापुढेही कुणीतरी काठी आपटली होती.

"मला... येत नाही," तो म्हणाला.

कुणीतरी हसलं. मधुलिकेनं तिकडे रागानं पाहिलं. मग आचार्याच्या बाजूला जमिनीवर मांडी घालून बसली. "घाई नाही. वरचं आणि खालचं मिळून सात होतात. एकेक फासा घ्या."

'घाई नाही' असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं दगडी बोटांनी एकेक फासा जवळ ओढला. "दोन," तो पुटपुटला. "आणि चार. सहा."

दहाही बोटं मऊ झाली, त्यांत पुन्हा रक्त खेळू लागलं. दंडाची वाळकी काटकी झाली. बागेतली अकरा मुलं शिंकली, आणि माळी रडत रडत त्यांच्या मागे धावला.

राजानं फाशांवरची बंदी उठवली. राज्यात सुतारांनी लाकडाचे, कुंभारांनी मातीचे फासे घडवले. घरोघरी ओट्यांवर पन्नास घरं आखली गेली. पैज मात्र कुणी लावत नसे. कालदंड शाळेत राहिला, सर्वांत मागे, मुलांच्या रांगेत.

राणी नागाचे फासे परत द्यायला गेली. लेक बरोबर, साळुंकी खांद्यावर. तिनं गुहेपुढे दूध ठेवलं, दिवा लावला, आणि नागाचे, डोंगराचे, फाशांच्या सहाही अंगांचे आभार मानले. मग लेकीचे मानले. मग पुन्हा नागाचे.

तोवर मधुलिकेनं गुहेच्या दारातच घरं आखली होती, आणि नाग शेपटीनं चिंचोका सरकवत होता.

"राणीसाहेब," साळुंकी म्हणाली, "आभार मानून झाले असतील तर जरा सरका. पाळी माझी आहे."