चोच बाहेर ठेवा

एका जंगलात, मोहाच्या जुन्या झाडावर, एक खार राहत असे. घर खोडाच्या ढोलीत आणि खाऊ दारातच, त्यामुळे बाई मोठ्या मजेत होती. दरवर्षी थंडी पडली की डोंगरापलीकडून एक सुतारपक्षी येई. तो एकेक खोड ठोकून पाही आणि आत लपलेले किडे नेमके टिपून काढी. महिनाभर काम करून, खारीशी चार गप्पा मारून तो आपल्या घरी परत जाई.

पण एका वर्षी काय झाले, मुलांनो, बाहेरचे एक मुंगूस जंगलात शिरले आणि लाव्हरी पक्षिणीची अंडी फस्त करून पसार झाले. सगळीकडे नुसता हलकल्लोळ! त्या जंगलाचा कारभार पाहणारे अस्वल मनाने चांगले, पण रागाच्या भरात हुकूम सोडणारे. त्याने जंगलात येण्याच्या वाटेवरच्या खिंडीत साळिंदराला पहाऱ्यावर बसवले आणि बजावले, “यापुढे बाहेरच्या प्रत्येकाची कसून तपासणी करायची. उडत येणाऱ्यानेही आधी इथे उतरायचे. टोकदार वस्तू घेऊन येणाऱ्या कोणालाही आत सोडायचे नाही.”

साळिंदर कामाला इतके चोख की विचारू नका! मधमाश्या आल्या, तर नांगी टोकदार म्हणून त्यांना परत पाठवले. मग थंडीत नेहमीप्रमाणे सुतारपक्षी आला.

“चोच बाहेर ठेवा,” साळिंदर म्हणाले.

“अहो, चोच काय काढून ठेवता येते? आणि ठेवली तरी आत जाऊन मी काम कशाने करू?”

“ते मला विचारू नका. टोकदार ती टोकदार.” हे बोलताना साळिंदराच्या स्वतःच्या अंगावर शेकडो काटे ताठ उभे होते, पण ते त्याच्या लक्षात येईल तर शपथ!

बिचारा सुतारपक्षी तीन दिवस खिंडीत बसून राहिला. चौथ्या दिवशी तो म्हणाला, “इतकी वर्षे आलो, आणि आज चोर ठरलो.” तो उडाला तो थेट शेजारच्या जंगलात गेला. तिथे त्याला सगळ्यांनी आनंदाने ठेवून घेतले.

दोन हिवाळे असेच गेले. मग एके दिवशी खारीला आपल्या ढोलीच्या भिंतीतून करकर ऐकू येऊ लागली. किडे खोड पोखरत होते. आता झाड पडणार, घर जाणार, या भीतीने तिला रडूच कोसळले. ती धावत जाऊन अस्वलाला घेऊन आली.

अस्वलाने खोडाला कान लावला आणि ते चक्रावले. “खिंडीतून तर कोणीच आत येत नाही. मग हे किडे आले कुठून?”

“अहो अस्वलदादा, किडे इथलेच आहेत! बाहेरचा होता तो किडे काढणारा,” खार म्हणाली. “आणि ते मुंगूस तरी खिंडीतून कुठे आले होते? ते झुडपांतून चोरून आले. खिंडीतून येतो तो तोंड दाखवून येतो, आणि आपण नेमके त्यालाच अडवतो.”

अस्वलाने खोडावरचा कान काढला. मग म्हणाले, “चुकले माझे. जा, त्याला बोलावून आण. मी स्वतः खिंडीत उभा राहतो.”

खार शेजारच्या जंगलात गेली. सुतारपक्षी म्हणाला, “खारूताई, मला काम इथेही आहे. तिकडे आलो तर पुन्हा चोच मागतील.”

“नाही मागणार, दादा. पण तुम्ही आला नाहीत, तर माझे घर उभे राहणार नाही.”

तो विरघळला. “दोन वर्षे झाली म्हणजे एकट्याने भागायचे नाही,” असे म्हणून त्याने दोन भाऊबंदही सोबत घेतले.

खिंडीत अस्वलाने हात जोडून त्यांची माफी मागितली. पहाऱ्यावर साळिंदरच होते. त्याने विचारले, “कुठून आलात? काय काम आहे?” उत्तर ऐकून घेतले आणि म्हणाले, “या, झाडापर्यंत वाट दाखवतो.”

महिनाभर जंगलात टकटक चालू होती. मोहाची एक मोठी फांदी काही वाचली नाही, ती गेलीच. पण खोड तगले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी झाडाला तांबूस कोवळी पाने फुटली. मधमाश्या अजून बिचकतच होत्या. त्या वर्षी त्यांचा एकच थवा आला. दुखावलेला पाहुणा परत यायला वेळ हा लागतोच. खारीने मात्र त्याच ढोलीत, होणाऱ्या पिल्लांसाठी मऊ गवत अंथरले.

तात्पर्य : दाराशी पहारा जरूर ठेवावा, पण त्या पहाऱ्याला चोर आणि पाहुणा यांतला फरक कळला पाहिजे, कारण गुणी माणूस संशय सोसत ताटकळत नाही, जिथे त्याला ‘या’ म्हणतात तिथे तो जातो.