वैद्यबाईच्या घड्याळाचा आस

फार पूर्वी, घड्याळं मनगटावर नव्हे तर खिशात राहत होती तेव्हा, डोंगराखालच्या एका गावात एक घड्याळजी होता. म्हातारा आणि खूप शिकलेला. घड्याळांवरचे जाडजूड ग्रंथ त्याने तीन भाषांत वाचले होते. इतकं वाचल्यामुळेच की काय, त्याची कशाबद्दलच खात्री पटत नसे. दुकानाला कुलूप लावलं तरी अर्ध्या वाटेवरून परत येऊन तो ते ओढून बघे.

एकदा गावची वैद्यबाई आपलं चांदीचं घड्याळ घेऊन आली. तिच्या आजेसासऱ्यांच्या वेळचं ते घड्याळ ओट्यावरून पडून बंद झालं होतं.

"लवकर द्या हो," ती म्हणाली. "तापाची साथ आहे. सेकंदाच्या काट्याकडे बघून मी नाडी मोजते. काटाच थांबला तर मोजू काय?"

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून झाकण उघडलं. आतलं डोलणारं चाक आडवं पडलं होतं. ते ज्यावर फिरतं तो केसाएवढा बारीक आस मोडला होता आणि टोकं कुठे गेली ते दिसत नव्हतं.

"नवा आस बसवला की चालेल. आठ दिवसांत देतो," तो म्हणाला.

पण असा आस मिळायचा कुठे? ते घड्याळ बनवणारा कारखाना कधीच बंद पडला होता. घड्याळजीने आत कोरलेला नंबर वाचला आणि ग्रंथ उघडले. एका ग्रंथात त्या नंबराला एक माप होतं, दुसऱ्यात निराळं. तिसऱ्यात लिहिलं होतं की पहिले दोन्ही ग्रंथ चुकले आहेत. कुणाचं खरं मानावं ते त्याला कळेना. त्याने दोन्ही मापांचे आस दूरच्या शहरांतून मागवले. एक लांब निघाला, दुसरा आखूड. आठ दिवसांचे वीस झाले.

वैद्यबाई पुन्हा आली. "कुंभाराची सून बरी झाली असं समजून मी घरी आले, तर पहाटे पुन्हा बोलावणं. अशी अंदाजाने नाडी किती दिवस मोजू?"

"आस वाटेत आहे," घड्याळजी म्हणाला. वाटेत काहीच नव्हतं.

त्याच दिवशी त्याला आठवलं, हलवायाकडे अगदी असंच घड्याळ आहे आणि ते चालतं. नंबरही तोच. तो ते मागायला गेला.

"न्या की," हलवाई म्हणाला. "वैद्यबाईंसाठीच ना? मी काय जिलबी घड्याळ बघून तळतो? फक्त जपा. सासऱ्यांनी दिलंय. त्याला काही झालं तर बायको मलाच कढईत सोडेल."

घड्याळजी टेबलापाशी बसला. चालतं घड्याळ खोलून बंद घड्याळ चालवायचं, हे बरोबर की चूक? हलवाई हो म्हणाला खरा, पण आपण काय काढून घेणार हे त्याला समजलं होतं का? आणि त्याचा आस यात बसला नाही तर? पण नंबर एकच आहे, म्हणजे बसणारच. बसणारच ना? टिकटिक ऐकत तो दुपारभर तसाच बसून राहिला. मग नंबर आणखी एकदा वाचला आणि हलवायाच्या घड्याळातला आस काढला.

तो बसला नाही. भोकात सैल डुगडुगत राहिला. चाक दोनदा डोललं आणि पुन्हा आडवं झालं. घाबरून त्याने आस परत हलवायाच्या घड्याळात घालायला घेतला, तर घाईत चिमटा जास्त दाबला गेला आणि आसाचं टोक मोडलं. आता टेबलावर दोन बंद घड्याळं होती.

दुसऱ्या दिवशी वैद्यबाई आणि हलवाई दोघं दुकानात आले. 'आस वाटेत आहे' हे शब्द घड्याळजीच्या ओठांवर आलेही होते. पण हलवायाचा विश्वासाने पुढे आलेला हात बघून त्याला ते बोलवेना.

"वाटेत काही नाही," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. बाईंचं घड्याळ चाललं नाही आणि तुमचंही मी मोडलं. मला काही सुचेनासं झालंय."

हलवायाने आपलं घड्याळ उचलून कानाला लावलं. वैद्यबाईने तिचं उघडं घड्याळ पुढ्यात ओढलं. "आस जिथे बसायचा ती भोकं तुम्ही मोजलीत?"

"नंबरावरून माप..."

"नंबर नाही विचारला. भोकं."

घड्याळजीने नकारार्थी मान हलवली.

"ग्रंथात काय लिहिलंय ते रोग्याला ठाऊक नसतं हो," वैद्यबाई म्हणाली. "त्याचा हात हातात घेतल्याशिवाय मी पुडी बांधत नाही."

घड्याळजीने भोकं मोजली. ती कुठल्याच ग्रंथातल्या मापाची नव्हती. पूर्वी कधीतरी ते घड्याळ असंच पडलं असणार. तेव्हाच्या कारागिराने, आस ज्यांच्या भोकांत फिरतो ते आतले खडे बदलून मोठ्या भोकाचे बसवले होते आणि त्यांच्या मापाने आस घडवला होता. म्हणजे या घड्याळाचा आस जगात कुठल्याच शहरात मिळणार नव्हता. तो घडवावाच लागणार होता. घड्याळजीला ते काम येत होतं, फक्त ग्रंथांपुढे स्वतःच्या हातावर त्याचा भरवसा नव्हता.

त्याने पोलादाची बारीक तार धातू कातायच्या छोट्या लेथवर चढवली. तीन आस मोडले, चौथा बसला. मग हलवायाच्या घड्याळाची भोकं मोजून त्याने त्यालाही नवा आस घडवला.

वैद्यबाई घड्याळ न्यायला आली तेव्हा तिने ते कानाला लावलं नाही. घड्याळजीचं मनगट धरलं आणि काट्याकडे बघत पूर्ण मिनिटभर नाडी मोजली.

"घड्याळ बरं आहे," ती म्हणाली. "तुम्ही मात्र चार दिवस विश्रांती घ्या." आणि ती कुंभाराच्या घराकडे निघाली.

तात्पर्य: हरवलेला भाग जगभर शोधण्याआधी, तो जिथे बसायचा ती जागा आपल्या हाताने मोजून पाहावी. कितीही वाचलेलं असलं, तरी समोरच्या वस्तूचं माप त्या वस्तूपाशीच असतं.