राजाच्या हातचा घास

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि जादूगार राजांशी भांडत, तिथे उदयभान राजा नांदत होता. राणी गेलेली, मूलबाळ नाही. जीव लावायला उरला होता एक काळा कुत्रा, भुंगा. एकदा राजाने एका दुष्ट जादूगाराला हद्दपार केलं, तेव्हा तो जाता जाता शाप देऊन गेला, "तुझा लाडका तुझ्याच हातून उपाशी मरेल!"

 तेव्हापासून राजा भुंग्याला स्वतःच्या हाताने भरवू लागला. हाड नाही, भाकरी नाही. नुसती बासुंदी, शिरा आणि पेढे! उपाशी म्हणून राहायला नको ना! आणि भुंगा सिंहासनाचा राखणदार; राखणदाराच्या तोंडात हात घालायचा नाही, हा दरबाराचा जुना रिवाज. पुढे भुंग्याच्या तोंडाला घाण येऊ लागली, तर मंडळींनी गुलाबपाणी शिंपडलं. काय म्हणावं या शहाण्यांना!

मग भुंगा घास घेई नि कण्हून खाली टाकी. लाळेतून रक्त येई. डोळ्याखाली सूज चढली. "शाप फळला!" म्हणत राजा डोंगरावरच्या बोलक्या घुबडाकडे धावला.

घुबड म्हणालं, "जळत्या तळ्याचं पाणी आण, जखम धुवायला." राजाने आणलं, हात पोळले. "राक्षसाच्या उशाखालचं पोवळं आण, वेदना शमवायला." तेही आणलं.

"आणि तिसरं?"

"घरी जा. त्याचं तोंड उघडून बघ."

राजाने रिवाज मोडला. दातांवर पिवळ्या किटाचे थर, हिरड्या सडलेल्या, दाढेखाली पू. "अरे भुंग्या, हे मीच केलं रे तुला!" राजा ओक्साबोक्शी रडला.

राजवैद्य म्हणाले, "महाराज, उशीर झाला. विष अंगात भिनलंय."

"दुखायचं तरी थांबेल?"

"थांबेल."

गळ्यात पोवळं बांधलं, दाढ काढली, जखम धुतली. संध्याकाळी भुंग्याने राजाच्या हातून मऊ भात खाल्ला, तळवा चाटून पुसून घेतला, आणि पहाटे राजाच्या मांडीवरच प्राण सोडला. गेला खरा, पण उपाशी गेला नाही. त्या क्षणी शाप उलटून हद्दीपलीकडे त्या जादूगाराची राख झाली.

तेव्हापासून त्या राज्यात रोज सकाळी कुत्र्यांचे दात फडक्याने घासतात, राजवाड्यात खुद्द राजा घासे. शाप तुटला, राज्याची घडी बसली. राजा मात्र जेवताना पहिला घास हातात धरून बराच वेळ बसे, आणि मग तो तसाच खाली ठेवी.