डोकं राजाचं, धड हौसाचं

“डोकं माझं, धड तुझं!” उदाजीराजांनी वाटणी जाहीर केली आणि सारा दरबार ‘वाहवा!’ म्हणाला.

हौसा माळीण बघतच राहिली. साता समुद्रापलीकडच्या पाहुण्याने राजांना ब्रोकोलीचं बी भेट दिलं होतं. ते हौसाने राजवाड्याच्या परसबागेत रुजवलं, लेकरासारखं जपलं. आता प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर हिरवागार, घट्ट गड्डा बसला होता. तिने एवढंच विचारलं होतं, “सरकार, यातली थोडी भाजी घरी नेऊ का?”

“धड घेऊन मी काय करू, महाराज?”

“म्हणजे काय? मला एवढंसं डोकं, तुला अख्खं झाड! इतका मोठा वाटा मिळाल्यावर मेजवानी नको द्यायला? माघी पौर्णिमेला तुझ्या वाट्यातून दरबाराला हीच भाजी जेवू घाल. नाही जमलं, तर बागेतलं खोपट सोडायचं!”

दरबारी खो खो हसले. हौसाला प्रश्न पडला, म्हाताऱ्या सासूला घेऊन जायचं कुठे? तेवढ्यात तिला आठवलं, एका रोपाचा शेंडा शेळीने खाल्ला होता, तर त्याच्या पानांच्या बेचक्यांतून नवे कोंब फुटले होते!

“कबूल, महाराज! पण डोकी मी उतरवणार. आणि एकदा वाटणी झाली की माझ्या वाट्याला कुणी हात लावायचा नाही.”

“लावला, तर मी राजा नव्हे!”

हौसाने विळ्याने गड्डे तिरके कापले, म्हणजे कापल्या जागी पाणी साचायला नको. खालची पानं तशीच राखली. राजवाड्यात भाजीवर ताव मारला गेला. इकडे हौसा बुंध्याशी शेणखत घालत राहिली.

एकदा राजे कुंपणावरून डोकावले. “काय हौसाबाई, मुंडकं नसलेल्यांना पाणी पाजता?”

“पाजते की! तुमची डोकी पोटात गेली, महाराज. माझी धडं अजून उभी आहेत!”

काही दिवसांत पानापानाच्या बेचक्यातून छोटे छोटे गड्डे डोकावले. फुलं उमलायच्या आत हौसा ते खुडायची, घरी रांधायची. खुडावं तसे नवे फुटायचे!

माघी पौर्णिमेला दरबाराची पंगत बसली. प्रत्येकाच्या पत्रावळीवर ब्रोकोलीची वाफाळती भाजी!

“चोरी!” राजे ताडकन उठले. “माझी डोकी लपवलीस तू!”

“बागेत चला, महाराज.”

तिने शेंड्यावरची वाळलेली कापाची खूण दाखवली आणि तिच्या खाली लगडलेले नवे गड्डे. राजांचे डोळे लकाकले.

“अस्सं! मग हीसुद्धा डोकीच की! म्हणजे माझीच!”

मागोमाग आलेल्या दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. हौसाने पदर खोचला.

“महाराज, एका धडाला डोकं एकच. ते तुम्ही जेवलात. आता आजूबाजूने फुटेल त्यालाही डोकं म्हणायचं, तर उद्या गादीच्या आजूबाजूला जो जो डोकं वर काढेल, त्यालाही राजा म्हणावं लागेल!”

राजांचा हात आपसूक मुकुटाकडे गेला. त्यांनी वळून दिवाणजींकडे पाहिलं, दिवाणजींनी आपल्या पायांकडे. आणि मग राजे असे हसले की झाडावरचे पोपट उडाले!

“हरलो बाई! ही परसबाग आजपासून तुला इनाम! पण मला अधूनमधून भाजी मिळेल ना?”

“मिळेल की, महाराज!” हौसा म्हणाली. “पण आता वाटणी मी करणार!”